ने रे बाबा आता

लाडक्या चिऊ,

तुझा व्हॉइस मेसेज डब्लिनच्या बसमध्ये ऐकला आणि माझा स्टॉप मागे गेला. "बाबा, आजी उठताना दरवेळी 'विठ्ठला, ने रे बाबा आता' म्हणते. तिला मरायचंय का?"

नाही गं. निदान तुला वाटतंय तसं नाही.

ती कशी उठते ते तू आता रोज बघतेस. उजवा तळवा गुडघ्यावर, डावा हात चौकटीला, एक दम, मग विठ्ठलाला हाक. आणि उभी राहिली की तीच बाई विचारते, "चहा टाकू काय गे?" आपल्या बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या भातात पन्नास वर्षं वाकून भांगलण केलेली पाठ आहे ती. आता सरळ व्हायला तयार नाही.

गेल्या वर्षी फोनवर मीच तिच्यावर चिडलो होतो. म्हटलं, असं अभद्र बोलू नकोस. तर म्हणाली, "तुला कुठं सांगतोय? त्याला सांगतोय." (आपल्याकडे बायकाही 'सांगतोय', 'येतो' म्हणतात, हे तुझ्या कानावर आलं असेलच.) डॉक्टरला ती अहो-जाहो करते, विठोबाला अरे-तुरे. कुरकुर घरच्या माणसाकडेच करायची असते. रात्री दिवा घालवल्यावर हळू आवाजात म्हणते तेव्हा मात्र त्यात थोडं खरंही असतं. दमलीय ती.

समोरच्या कन्नड अज्जी संध्याकाळी कट्ट्यावर येतात ना? त्यांना कन्नड संतकवी बसवण्णांचं 'नेरे केन्नेगे' हे वचन म्हणायला सांग. बाराव्या शतकातलं आहे. केस पिकायच्या आधी, गालाला सुरकुत्या पडायच्या आधी, दात जाऊन, पाठ वाकून दुसऱ्यावर भार व्हायच्या आधी, पायावर हात टेकून काठी धरायच्या आधी... कूडलसंगमदेवाला, म्हणजे त्यांच्या शिवाला पूज, असं ते सांगतात. 'मुन्न' म्हणजे आधी. तो शब्द घणासारखा पुन्हा पुन्हा पडतो. पायावर टेकलेला हात वाचला आणि मला आपल्या दारातली आजीच दिसली. पाट्या कुठल्या भाषेत असाव्यात यावरून आपल्याकडे किती वर्षं भांडण चाललंय, आणि या दोघी मात्र एकाच कट्ट्यावर एकाच दुखण्याबद्दल बोलत बसतात.

बसवण्णा घाई करायला लावतात. तुकोबांच्या एका अभंगात ही घाई संपलेली आहे:

याजसाठी केला होता अट्टहास ।
शेवटचा दिस गोड व्हावा ॥
आता निश्चिंतीने पावलो विसावा ।
खुंटलिया धावा तृष्णेचिया ॥

लोक पहिल्या दोन ओळी श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर छापतात आणि तिथंच थांबतात. मला ते पटत नाही. पुढं बघ, थांबलीय ती हव्यासाची धावाधाव. आणि शेवटी तुकोबा म्हणतात, मुक्ती नावाच्या नवरीशी लग्न झालं, 'आता दिवस चारी खेळीमेळी'. लग्नघरातले चार दिवस असतात ना, तसे. मरणाची वाट बघत बसलेला माणूस असं लिहील का?

'विसावा' हा शब्द आजीला विचार. गुडघे साथ देत होते तोवर ती वारीला जायची. वारीत मुक्काम वेगळा, विसावा वेगळा. मुक्काम रात्रीचा. विसाव्याला पालखी घटकाभर टेकवतात, माणसं पाय पसरतात, कुणी भाकरी सोडतं, आणि मग पुन्हा चालायचं. आजी मागते ते यातलं नेमकं काय, हे तिलाही रोज वेगळं वाटत असेल.

आणि हो, ती उठताना हात धरायला धावू नकोस, आवडत नाही तिला. काठी तेवढी दाराच्या उजव्या अंगाला ठेव. मी मागच्या खेपेला डावीकडे ठेवली होती, तर महिनाभर ऐकून घेतलं.

तुझा,
बाबा