डॉक्टर, म्हशीचा आणि कंबरेचा काय संबंध?

(वाचकांचे प्रश्न, या वेळी सांधेदुखीवर. उत्तरं देतायत कोल्हापुरातले आपले संधिवाताचे डॉक्टर.)

प्रश्न: डॉक्टर नमस्कार. वय २७, करवीर तालुक्यातलं गाव. सात महिने झाले उजव्या बाजूला कंबरेखाली दुखतंय, सकाळी भिंत धरूनच उठतो. संध्याकाळी कणकण येते, रात्री एवढा घाम की बनियन पिळून काढावं लागतं, मग आठवडाभर बरं वाटतं आणि परत तेच. वजन ८ किलो उतरलंय, तालीम सुटली. एमआरआयमध्ये उजव्या एसआय जॉइंटला (मणक्याचा खालचा भाग आणि कमरेचं हाड जोडणारा सांधा) सूज आली, कंबरेच्या वातासाठी करतात ती एचएलए बी-२७ ही रक्ततपासणी निगेटिव्ह. तरी हा कंबरेचा वातच आहे, आयुष्यभराचा, बायोलॉजिकल इंजेक्शन सुरू करूया म्हणतायत. खर्च झेपत नाही. घरी तीन म्हशी, त्यातली एक गेल्या उन्हाळ्यात आठव्या महिन्यात गाभडली, तेव्हापासून घराला नजरच लागलीय बघा. काय करू?

उत्तर: दादा, एमआरआय वगैरे सगळं ठीक आहे, पण मी अडकलो ते तुमच्या शेवटच्या ओळीपाशी. ती म्हैस गाभडली तेव्हा वार कुणी काढली? हातानं काढली ना, ग्लोव्हज न घालता? आणि गोठ्यात धार काढताना एखादा ग्लास तसाच तोंडाला लावता की नाही, तालमीतला माणूस म्हणजे लावतच असणार. हे तुम्हाला आत्तापर्यंत कुणी विचारलं का? नसेल विचारलं. आमच्या ओपीडीत पेशंट पाच मिनिटांत बाहेर, गोठ्याबद्दल विचारायला वेळ कुणाला आहे, त्यापेक्षा गावातला जनावरांचा डॉक्टर जास्त चौकशी करतो.

मला शंका आहे ती ब्रुसेलोसिसची. जनावरांत याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात, गाय-म्हैस शेवटच्या महिन्यांत गाभडते, वार अडकते, आणि त्या वारेत, गर्भाच्या पाण्यात, दुधात हे जंतू खच्चून भरलेले असतात. माणसात ते हाताच्या जखमेतून, डोळ्यातून, श्वासातून नाहीतर कच्च्या दुधातून येतात आणि त्रास कधी दोन-तीन आठवड्यांत तर कधी चार-पाच महिन्यांनी सुरू होतो, म्हणून दोन्हीचा संबंध कुणाच्या डोक्यात येत नाही. ताप चढ-उतार करतो, घाम फुटतो, आणि सांध्यांमध्ये याला सगळ्यात जास्त आवडणारी जागा म्हणजे हाच एसआय जॉइंट, तोही बऱ्याचदा एकाच बाजूचा. खरा कंबरेचा वात, म्हणजे अँकिलोझिंग, सहसा दोन्ही बाजू धरतो, आणि तो असणाऱ्या बहुतेकांत बी-२७ पॉझिटिव्ह असतो. निगेटिव्ह आला म्हणजे वात नाहीच असं नाही, पण एक बाजू, निगेटिव्ह, ताप, घाम, ८ किलो, वर गाभडलेली म्हैस, एवढं एकत्र आल्यावर थांबायला पाहिजे. टीबीचंही नेमकं असंच चित्र असू शकतं, तो आपल्याकडे कायम यादीत वरच.

बायोलॉजिकल इंजेक्शन आत्ता घेऊ नका. आत इन्फेक्शन असेल तर ते औषध शरीराची राखणच काढून घेतं. आधी ब्रुसेलाची रक्ततपासणी करा, त्यात टायटर (या जंतूविरुद्धच्या अँटिबॉडी रक्तात किती आहेत ते) सांगतात, १:१६० किंवा वर आला आणि त्रास जुळत असेल तर दखल घ्यायची, एकदा कमी आला तर दोन-तीन आठवड्यांनी परत. ब्लड कल्चरही (रक्त बाटलीत ठेवून जंतू वाढवून बघतात ते) पाठवा, पण लॅबला ब्रुसेलाची शंका आहे हे चिठ्ठीवर लिहूनच द्या, हा जंतू हळू वाढतो म्हणून बाटली लवकर फेकून द्यायची नाही, आणि दुसरं म्हणजे लॅबमधल्या माणसालाच तो चिकटतो. सीबीसीवर (रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीवर) विसंबू नका, यात तो बऱ्याचदा नॉर्मलच असतो.

निघालंच ब्रुसेला तर औषध आहे, आणि महागही नाही. डॉक्सीसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन निदान ६ आठवडे, किंवा डॉक्सीसोबत सुरुवातीला जेंटामायसिन नाहीतर स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं, मणक्यात गेलं असेल तर ३ महिने किंवा जास्त. पण रिफॅम्पिसिन, स्ट्रेप्टोमायसिन ही टीबीचीही औषधं आहेत, म्हणून टीबी नाही हे आधी पक्कं करून मगच सुरू करायची, नाहीतर टीबी अर्धवट दबतो. रिफॅम्पिसिननं लघवी केशरी होईल, घाबरू नका. आणि डॉक्सीची गोळी दुधाबरोबर घ्यायची नाही (पैलवानाला हे सांगताना मलाच कसंतरी होतंय). पंधरा दिवसांत बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडणारे परत येतात, तेच दुखणं घेऊन.

एक माझंच सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी गोठ्यावर राबणाऱ्या एका माणसाला मी चार महिने वाताच्या गोळ्या दिल्या, आरए फॅक्टर (आमवातासाठी करतात ती रक्ततपासणी) निगेटिव्ह असलेला वात म्हणून. एक दिवस लाजत लाजत म्हणाला, डॉक्टर, खाली एका बाजूची गोळी (वृषण) सुजलीय. तेव्हा माझी ट्यूब पेटली, कारण ब्रुसेला तिथंही जातो. तुम्हालाही असं काही होत असेल तर लाजू नका, सांगा. आणि म्हशींची तपासणी करून घ्या, घरात अजून कुणाला ताप येतोय का तेही बघा.

प्रश्न: आईचं वय ५८, फक्त डावा गुडघा आठ महिने सुजलेला. आरए फॅक्टर थोडा वाढलेला आला म्हणून आमवात म्हणाले, गुडघ्यात दोनदा स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं, महिनाभर बरं आणि परत जास्त सूज. (राजारामपुरी)

उत्तर: ताई, आमवात सहसा हातांच्या बोटांचे छोटे सांधे धरतो, दोन्ही बाजूंचे. एकच सांधा आठ महिने सुजलाय तर त्यातलं पाणी काढून तपासल्याशिवाय त्याला आमवात म्हणू नये, माझं मत ठाम आहे. आरए फॅक्टर चांगल्या धडधाकट म्हाताऱ्या माणसातही वाढलेला दिसतो, टीबीतही दिसतो. गुडघ्याच्या पाण्यात टीबीचे जंतू बऱ्याचदा सापडत नाहीत, म्हणून दुर्बिणीतून सांध्याच्या अस्तराचा तुकडा काढून कल्चर आणि सीबीनॅटला (टीबीच्या जंतूची जनुकीय चाचणी) पाठवायला लागतो. टीबीच्या शंभरात एक ते तीन जणांनाच तो हाडा-सांध्यात होतो, म्हणून कुणाला सुचत नाही. तिसरं स्टिरॉइड मात्र आत्ता नको. टीबी निघाला तर औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, साधारण वर्षभर, शिवाय पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यावर येतात, नोव्हेंबर २०२४ पर्यंत ते ५०० होते.

प्रश्न: मग कोल्हापुरात गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर धार काढून देतात ते कच्चं दूध बंद करायचं का आम्ही? आजोबा ८० वर्षं पित आले, त्यांना काय झालं नाही.

उत्तर: आजोबांना दंडवत. पण माल्टात ब्रिटिश सैनिक तापानं पडायचे, त्यांच्या लष्करातला डॉक्टर डेव्हिड ब्रूसनं १८८७ मध्ये हाच ब्रुसेलाचा जंतू शोधला, तो येतो कुठून हे कळायला १९०५ उजाडलं, आणि निघालं काय तर बेटावरच्या टुणटुणीत शेळ्यांचं दूध. म्हणजे जनावर दिसायला झकास असलं तरी दुधातून जंतू येऊ शकतो. दूध उकळलं की तो मरतो, बास. दही, ताक, लोणीही तापवलेल्या दुधाचंच करा. म्हशीच्या रेडीला ४ ते ८ महिन्यांची असताना एकदा लस देतात, ती चुकवू नका, रेड्याला आणि गाभण जनावराला ती देत नाहीत. माणसासाठी लस नाही. मी स्वतः कॉलेजात असताना कट्ट्यावर फेसाळ ग्लासच्या ग्लास रिचवलेत, आता तिथं गेलो की समोरच्या गाड्यावर चहा घेतो, दूध चांगलं उकळलंय का तेवढं बघून.