दोन पंचम्यांमधला महिना

प्रश्न : आम्ही उभयता निवृत्तीनंतर मुंबईहून गुहागर तालुक्यातील आमच्या मूळ गावी राहावयास आलो, त्याला आता दोन वर्षे झाली. पावसाळा, गणपती, दिवाळी हे दिवस आनंदात जातात. परंतु संक्रांत उलटली की गाव भकास होते. कातळावरचे गवत करपलेले, भाताची खाचरे भेगाळलेली, सर्वत्र पाचोळा आणि वाडीतील निम्म्या घरांना कुलपे. थंडी धड राहिलेली नसते आणि वसंताचाही पत्ता नसतो. कोकणात वसंत येतो तरी का, की हा उदासपणा आमच्याच मनाचा आहे?

— एक वाचक

उत्तर : पंचांगाप्रमाणे माघ आणि फाल्गुन हे शिशिराचे महिने, आणि चैत्र-वैशाख वसंताचे; असे असूनही वसंत पंचमी मात्र माघ शुद्ध पंचमीला, म्हणजे ऐन शिशिरात येते. पुढे बरोबर एका महिन्याने, फाल्गुन शुद्ध पंचमीला, आपल्याकडील अनेक गावांत शिमग्याला सुरुवात होते आणि चाकरमानी पालखीसाठी घरी परततात. आपली तक्रार प्रामुख्याने या दोन पंचम्यांमधल्या महिन्याची आहे. त्यात महाशिवरात्रीला वेळणेश्वरची यात्रा होते, तेवढा एक दिवस सोडला तर गाव खरोखरच निजल्यासारखे असते. तेव्हा हा केवळ आपल्या मनाचा खेळ नव्हे.

आपल्याकडची पानगळ थंडीमुळे होत नाही. तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस चार महिन्यांत कोसळतो खरा, परंतु जांभ्या दगडाची जमीन ते पाणी धरून ठेवत नाही. माघापर्यंत वरच्या थरातील ओल संपते आणि पाणी वाचवण्यासाठी झाडे पाने टाकून देतात. मात्र याच निष्पर्ण अवस्थेत काटेसावर फुलते. आपल्या परिसरात एखादी सावर असेल तर सकाळी तिच्याखाली जरूर उभे राहावे. वर मैना, बुलबुल आणि कोतवाल यांची भांडणे चाललेली असतात. जाड पाकळ्यांचे लाल फूल पाकळीपाकळीने झडत नाही, अख्खेच्या अख्खे खाली येते आणि पाचोळ्यावर पडताना ‘थप्प’ असा आवाज होतो. कोकणातला वसंत असा पाने नसलेल्या झाडावर येतो, आणि हिरवळीची वाट पाहणाऱ्याच्या तो लक्षात येत नाही.

हापूसच्या बागायतदाराला विचाराल तर तो या दिवसांना सुस्त म्हणणार नाही. मोहोर आणि कणी, म्हणजे अगदी बारीक कैऱ्या, धरण्याचा हा काळ; दोन दिवस मळभ आले किंवा पहाटेचे दव वाढले की तुडतुडे आणि भुरी यांच्या धास्तीने त्याची झोप उडते. पानांवर चिकटा चमकू लागला की फवारणीचा पंप खांद्यावर आलाच.

माझे स्पष्ट मत असे की, या महिन्याचा रितेपणा पूर्वी कामांनी झाकलेला होता. ऐन, किंजळ या झाडांची कवळ, म्हणजे पानांसह डहाळ्या, तोडून भारे बांधायचे, शेण आणि पातेरा (पाचोळा) गोळा करून तरवा भाजण्याची, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजून घेण्याची, तयारी करायची, गवत उतरवायचे, पावटे आणि चवळी काढायची. या धबडग्यात दुपारी घटकाभर पाठ टेकली तरी पुष्कळ वाटे. आता जमिनी पडीक राहिल्या, गोठे रिकामे झाले, आणि शिशिर उघडा पडला. निवृत्तीनंतर येणाऱ्या मंडळींना तो अधिक जाणवतो, कारण त्यांच्याकडे मे महिन्यासाठी राखलेले बेत असतात, माघासाठी काहीच नसते. (मीही याला अपवाद नाही, माझ्या परसातील कुदळीला मागच्या वर्षी वाळवी लागली.) शिमग्याला माणसे आल्यावरही मन उभारी धरत नसेल, झोप आणि भूक मंदावली असेल, तर मात्र ऋतूला दोष न देता डॉक्टरांना दाखवावे.

माघासाठी एक काम सुचवतो. पुढच्या वर्षी भातकापणी झाल्यावर घराजवळच्या एका खाचरात, जमिनीत ओल आहे तोवर, कुळीथ पेरा. त्याला पाणी घालावे लागत नाही, राखणही फारशी नको. शेंगा वाळल्या की उपटणी मात्र भल्या पहाटे, अंगावर दव असतानाच उरकावी लागते; उन्हे वर आली की शेंगा हात लागताच तडकतात आणि दाणे मातीत जातात.