टीव्हीवर आठवड्यात होणारं घर प्रत्यक्षात किती दिवसांत होतं?

प्रश्न: घराचं रूप पालटणारे आणि घर शोधून देणारे परदेशी कार्यक्रम आम्ही नेहमी बघतो. आता आम्हालाही मधली भिंत पाडून स्वयंपाकघर मोकळं करायचंय आणि बाथरूम नवं करायचंय. तिथे दाखवतात तसं हे आठवड्याभरात होतं का? आणि तीनच घरं बघून लोक खरंच घर घेतात का?

उत्तर:

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, ते आधी देतो. ‘हाऊस हंटर्स’ १९९९ पासून चालू आहे आणि त्याचा साचा ठरलेला: तीन घरं, थोडी कुरकुर, एक निवड. २०१२ साली त्यात भाग घेतलेल्या एका बाईंनी उघड सांगितलं की त्यांचं घर आधीच घेऊन झालं होतं. बाकीची दोन घरं विक्रीला नव्हतीच, ती मित्रांची होती. खरेदीच्या व्यवहारात बरीच पुढे गेलेली कुटुंबंच आपण निवडतो, हे मग वाहिनीनेही मान्य केलं. यात फार काही काळंबेरं नाही. सौदा व्हायला महिने लागतात, ऐनवेळी तो मोडतो, आणि चित्रीकरणाचं पथक तोवर दारात बसून राहू शकत नाही. तीनपैकी जे घर रिकामं दिसेल ते बहुधा त्यांचं, असा अंदाज बांधून पुढचा भाग बघा.

मात्र त्या पाहणीची नक्कल करू नका. तिथे कपाटाच्या रंगावरून वाद होतो, पण नळ कोणी सोडून बघत नाही. तुम्ही दोन-तीन नळ एकदम सोडून धार किती पडते ते बघा. सगळी दारं-खिडक्या उघडून मिटा. वरच्या कोपऱ्यात अडकणारं दार चौकट हलल्याचं सांगतं. विटांच्या भिंतीत पायऱ्यापायऱ्यांनी तिरकी चढणारी आणि पाच मिलिमीटरपेक्षा रुंद भेग दिसली, तर इंजिनियरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि अख्ख्या खोलीत एकच भिंत ताजी रंगवलेली असेल, तर का, हे विचारा.

आता दुरुस्तीचं. या कार्यक्रमांत खोटं कमी असतं, कापलेलं जास्त. पाडकामाच्या दृश्यात खिडकीबाहेरची झाडं बघा आणि शेवटी घर दाखवताना तीच झाडं परत बघा. निष्पर्ण फांद्यांची हिरवीगार झाडं झालेली दिसतील. मधला जो काळ गेला, त्यात निम्मं काम हे नुसतं थांबणं असतं: काहीतरी वाळतंय, कोणीतरी तपासायला येणार आहे, काहीतरी कारखान्यातून यायचंय. थांबणं पडद्यावर दाखवता येत नाही. ‘एक्स्ट्रीम मेकओव्हर: होम एडिशन’मध्ये सात दिवसांत अख्खं घर उभं राहायचं ते खरंच राहायचं, पण आराखडे आणि परवानग्या आधीच तयार, आणि शेकडो माणसं पाळ्यापाळ्यांनी रात्रंदिवस कामावर. तुमच्याकडे एक गवंडी, एक प्लंबर आणि त्यांची दुसरीकडची चार कामं असणार.

भिंतीपासून सुरू करू, कारण सगळ्यात महाग चूक तिथे होते. अमेरिकेतल्या घरांत आतली भिंत म्हणजे सोळा इंचांवर उभ्या केलेल्या लाकडी पट्ट्या आणि दोन्ही बाजूंनी अर्धा इंच जाडीचा जिप्समचा बोर्ड. घणाचा एक फटका आणि आरपार भोक. विटांची किंवा काँक्रीटची भिंत अशी पडत नाही आणि पाडायचीही नसते. वरून खाली, रांगेरांगेने उतरवायची असते. घण फिरवणं हे तिथेही कॅमेऱ्यासाठीच. हुशार मिस्त्री आधी वीज आणि पाणी तोडतो, नळांची तोंडं बंद करतो, छोटं भोक पाडून आत काय आहे ते बघतो आणि मग पहारीने सोडवत जातो. कारण भिंतीत वायरी असतात, पाण्याची लाइन असते, कधी वरच्या मजल्यावरच्या संडासाचा हवेचा पाइप असतो. तो पाइप नुसता कापून बंद करता येत नाही. केलाच, तर ट्रॅपमधलं, म्हणजे गटाराचा वास अडवणाऱ्या पाइपाच्या वळणातलं पाणी ओढलं जातं आणि घरात दुर्गंधी येते. जुन्या घरात धुळीचाही प्रश्न आहे. अमेरिकेत १९७८ पूर्वीच्या घरांत शिशाचा रंग असू शकतो असं धरूनच काम करावं लागतं. जुन्या छताच्या मुलाम्यात, फरशीत किंवा पाइपाच्या वेष्टनात अॅस्बेस्टॉस, म्हणजे फुफ्फुसांना घातक असं तंतूंचं खनिज सापडतं. तपासणी पाडकामाच्या आधी करायची असते. नंतर ते घरभर पसरलेलं असतं.

भिंत भार घेते का, हे कसं ओळखायचं? वरच्या मजल्याच्या तुळया भिंतीला काटकोनात येऊन तिच्यावर टेकत असतील, किंवा खालच्या मजल्यावर बरोबर त्याच रेषेत दुसरी भिंत असेल, तर ती भार घेते असंच धरा. मग काम असं होतं: भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन फुटांवर तात्पुरते टेकू, मग पाडकाम, मग इंजिनियरने हिशेब करून दिलेला बीम. पुढचा भाग टीव्हीवर जवळजवळ कधीच येत नाही. आधी दहा फुटांवर पसरलेलं वजन आता बीमच्या दोन टोकांवर गोळा होतं. त्या टोकांखाली खांब हवेत, आणि खांबांचं वजन थेट पायापर्यंत उतरायला हवं. खांब नुसता फरशीवर टेकवला की काही महिन्यांत फरशी बसते, वरच्या खोलीची दारं अडकायला लागतात आणि छताला केसासारख्या भेगा पडतात. लोक रंगाऱ्याला बोलावतात. बोलवायला हवं इंजिनियरला.

आणखी एक. टीव्हीवर छत एका पातळीत सपाट दिसतं, बीम दिसतच नाही. तो छताच्या आत लपवायचा तर लाकडी घरात सगळ्या तुळया कापून लोखंडी आधारांवर बीमला टांगाव्या लागतात. खाली दिसणारा बीम बराच स्वस्त पडतो. काँक्रीटच्या इमारतीत खांब आणि बीम यांना हात लावायचाच नाही. तिथे फक्त मधे भरलेल्या विटांचा विचार करायचा, तोही इमारतीचे नकाशे बघून आणि लेखी परवानगी घेऊन.

बाथरूमचा हिशेब दिवसांत मांडतो. लहान, म्हणजे साधारण चाळीस चौरस फुटांचं धरा. पाडकाम एक-दोन दिवस, पाइप आणि वायरिंग दोन-तीन दिवस. भिंती बंद होण्याआधी पाइपात दाब धरून गळती तपासायची. त्यानंतर जमिनीचा उतार: जाळीकडे फुटाला पाव इंच. याहून कमी दिला तर पाणी साचतं. उतारासाठी सिमेंट-वाळूचा थर घातला, तर तो वाळायला मिलिमीटरला एक दिवस असा ढोबळ हिशेब धरतात. चाळीस मिलिमीटरला चाळीस दिवस. घाई असेल तर लवकर वाळणारं तयार मिश्रण वापरा, पण ओल्यावर वॉटरप्रूफिंग मारू नका. आतली वाफ बाहेर पडायला बघते आणि थर फुगतो.

वॉटरप्रूफिंगचे हात दोन, दुसरा पहिल्याला आडवा. कोपऱ्यात आणि पाइपाभोवती आधी पट्टी चिकटवायची. उत्पादनावर लिहिलेला वेळ वाळू द्या, मग जाळी बंद करून दोन इंच पाणी भरा, पातळीची खूण करा आणि चोवीस तास थांबा. खालच्या छतावर डाग नाही आणि पातळी खुणेवर आहे, तरच टाइल. सगळ्यांत जास्त गाळली जाणारी पायरी ही. इथे एक दिवस वाचवला की दोन वर्षांनी सगळी टाइल उखडावी लागते.

टाइलच्या पाठीवर चिकटाचे पाच गोळे ठेवून दाबून बसवायची पद्धत सर्रास दिसते. ती चुकीची. गोळ्यांच्या मधे पोकळी राहते. तिथे पाणी साठतं, टाइल ठोकली की ढप्प वाजते आणि जड काही पडलं की तिथेच फुटते. दातेरी थापीने एका दिशेत सरळ रेघा ओढायच्या, मोठी टाइल असेल तर तिच्या पाठीवरही पातळ हात द्यायचा, आणि अधूनमधून एखादी टाइल उचलून बघायचं. ओल्या जागी निदान ९५ टक्के पाठ भरलेली हवी, कोरड्या जागी ८० टक्के. नंतर एक दिवस थांबून ग्राउट, म्हणजे टाइलांच्या फटींत भरायचं मिश्रण. भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे ग्राउट नाही, सिलिकॉन. त्या दोन बाजू वेगवेगळ्या हलतात आणि ग्राउटला तडे जातात. सगळं धरून तीन ते चार आठवडे. जाड थर घातला तर त्याहून जास्त.

स्वयंपाकघरात ओटा अडवतो. खालची कपाटं बसून पातळीत आल्याशिवाय दगडाचं माप घेता येत नाही, आणि माप दिल्यावर दगड कापून यायला साधारण एक ते तीन आठवडे. तोवर सिंक नाही, म्हणजे भांडी बाथरूममध्ये. बाथरूमचं काम त्याच वेळी काढू नका! रंगवलेली कपाटंही कॅमेऱ्यासमोर संध्याकाळपर्यंत तयार होतात. प्रत्यक्षात आधी तेलकटपणा काढणं, घासणं, प्रायमर, दोन हात, मधे परत हलकं घासणं. पाण्यावरचा रंग तासाभरात हाताला कोरडा लागतो, पण कडक व्हायला तीन-चार आठवडे घेतो. त्याआधी दारं घट्ट बंद ठेवली तर कडा चिकटतात आणि रंग सोलून निघतो.

खर्चाचा जो आकडा पडद्यावर येतो, तो तुलनेला धरू नका. ‘फिक्सर अप्पर’मध्ये शेवटच्या दृश्यातलं बरंचसं फर्निचर कार्यक्रमाचं असायचं, मालकांना हवं तर ते वेगळे पैसे देऊन घ्यायचं. तुमच्या अंदाजपत्रकात जुन्या घरासाठी पंधरा ते वीस टक्के बाजूला ठेवा आणि कंत्राटदाराकडून लेखी घ्या की टाइल, नळ, दिवे यांची किंमत कोणत्या दराने धरली आहे. स्वस्त दर धरून एकूण आकडा कमी दाखवणं ही जुनी युक्ती आहे. फरक दुकानात गेल्यावर कळतो, तोवर भिंत पडलेली असते.

शिकण्यासाठीच बघायचं असेल तर ‘धिस ओल्ड हाऊस’ बघा. बॉस्टनच्या सार्वजनिक वाहिनीने १९७९ साली सुरू केलेला हा कार्यक्रम एकच घर अनेक भाग चालवतो, त्यामुळे पाया, पाइप, छप्पर हे सगळं क्रमाने दिसतं. ब्रिटनचा ‘ग्रँड डिझाइन्स’ही चांगला; तिथे कामं रखडतात, पैसे संपतात आणि हे सगळं कॅमेऱ्यावर राहतं. बाकीचे जेवताना बघायला छान आहेत.