‘गणित शाळेतच सुटलं, मग परदेशात अर्थशास्त्राची पीएच.डी. कशी करणार?’

अर्थशास्त्र शिकायला परदेशी जायचं म्हणणाऱ्या मुलामुलींशी बोलताना एक प्रश्न हमखास निघतो. मार्क चांगले आहेत, विषय मनापासून आवडतो, पण गणित शाळेनंतर सुटलं. आमचा निभाव लागेल का? हे विचारताना भल्याभल्या हुशार मुलांचा आवाज खाली जातो. या काळजीबद्दल मला जे सांगायचं आहे ते एका मुलीच्या निमित्ताने सांगते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती माझ्याकडे आली तेव्हा ऑक्टोबर सुरू झाला होता. अर्थशास्त्राची पदवी, वर्गात कायम वरचा नंबर, शेवटच्या वर्षी किमान वेतनावर लिहिलेला नेटका प्रबंध. सोबत विद्यापीठांची यादी होती. सगळी अमेरिकेतली, सगळीकडे पीएच.डी., आणि बहुतेकांची मुदत डिसेंबरच्या मध्यापर्यंतची. यादी अर्थातच रँकिंग बघून वरून खाली उतरवलेली. स्टेटमेंट ऑफ पर्पजचे (एसओपी, म्हणजे काय आणि का शिकायचं आहे हे सांगणारा अर्जासोबतचा निबंध) कितीतरी मसुदे लिहून झाले होते. ती म्हणाली, “मॅडम, एसओपी इतकं चांगलं करूया की गणिताच्या कमीकडे त्यांचं लक्षच जाणार नाही.”

लक्ष तिथेच आधी जातं, हे तिला स्पष्ट सांगणं भाग होतं. प्रवेश समितीतला प्राध्यापक ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषयांची आणि मार्कांची अधिकृत यादी, उघडतो आणि गणिताचे कोर्स शोधतो: मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस, लिनियर अल्जेब्रा, प्रॉबॅबिलिटी आणि स्टॅटिस्टिक्स, आणि जमलं तर रिअल अ‍ॅनालिसिस. त्यानंतर शिफारसपत्रं. एसओपीची पाळी सहसा त्याच्याही नंतर येते. यात आकस कुणाचाच नसतो. अमेरिकेतल्या पीएच.डी.चं पहिलं वर्ष जवळपास सगळीकडे सारखं असतं. मायक्रो, मॅक्रो, इकॉनॉमेट्रिक्स (आकडेवारीवरून आर्थिक संबंध तपासण्याचं शास्त्र), आणि वर्ष संपताना क्वालिफाइंग परीक्षा. नापास झालं तर बहुतेक ठिकाणी आणखी एक संधी मिळते, तीही गेली की बाहेर पडावं लागतं. ज्या विद्यार्थ्याची फी माफ करून वर विद्यावेतन द्यायचं, तो हे पहिलं वर्ष काढेल का, एवढंच समितीला आधी बघायचं असतं.

तिच्या ट्रान्सक्रिप्टवर ‘अर्थशास्त्रासाठी गणिती पद्धती’ असा एकच पेपर होता. त्यात मार्क उत्तम. मी तिला म्हटलं, एक साधा प्रश्न करूया. दोन वस्तू, ठरावीक उत्पन्न, ग्राहकाला जास्तीत जास्त समाधान मिळवायचं आहे. तिने अशा प्रश्नांसाठी शिकवलेली लॅग्रांजची पद्धत झरझर मांडली, डेरिव्हेटिव्ह घेतले, मागणीची समीकरणं काढून दिली. एकही चूक नाही. मग मी विचारलं, “हे सगळं करताना तू धरून चाललीस की जास्तीत जास्त असं काहीतरी आहे. ते असतंच कशावरून?”

ती थांबली. असा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. मी एक धागा दिला: एका वस्तूची किंमत शून्य करून बघ. तिने अर्थसंकल्पाची रेषा, म्हणजे उत्पन्नात किती काय परवडतं ते दाखवणारी रेषा, पुन्हा काढली. या वेळी ती रेषा त्या वस्तूच्या अक्षाला भेटेचना, समांतर धावत राहिली. थोड्या वेळाने ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “ती वस्तू हवी तेवढी घेता येईल. जितकी जास्त तितकं समाधान जास्त. मग सगळ्यात जास्त असा बिंदूच राहत नाही.” आणि लगेच पुढे, “म्हणजे किमती शून्यापेक्षा जास्त हव्यात ही अट पुस्तकात उगाच नसते.”

हेच ते. सलग फलन (मध्ये कुठे न तुटणारं फंक्शन) बंदिस्त आणि मर्यादित (कडा धरून असलेल्या, अनंतापर्यंत न पसरणाऱ्या) संचावर आपलं महत्तम मूल्य गाठतंच, या वायरस्ट्रासच्या प्रमेयाच्या दारात ती स्वतःच्या पायांनी पोचली होती. रिअल अ‍ॅनालिसिस म्हणजे असेच प्रश्न: हे विधान कधी खरं, कोणती अट काढली की कोसळतं, आणि ते सिद्ध कसं करायचं. अ‍ॅरो आणि डेब्रू या अर्थतज्ज्ञांनी १९५४ साली बाजाराचा समतोल अस्तित्वात असतो हे सिद्ध केलं तेही फिक्स्ड पॉइंट प्रमेयाच्या (फलन लावूनही जागचा न हलणारा बिंदू कधी असतोच ते सांगणाऱ्या प्रमेयाच्या) आधारे, आणि पीएच.डी.च्या पहिल्याच वर्षी ती सिद्धता समोर येते. भराभर आकडेमोड येणं म्हणजे गणित येणं, असं धरून ही मुलगी स्वतःला कच्ची ठरवत होती. अट शोधणं तिला येत होतं. त्याचा कागदोपत्री पुरावा मात्र तिच्याकडे नव्हता, आणि दोन महिन्यांत तो तयार होणार नव्हता.

तिने एक रास्त मुद्दा काढला: “मॅडम, एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना तरी कुठे गणित होतं?” खरं आहे. शाळेत त्यांना त्रिकोणमिती घेऊ दिली नव्हती, त्यामागे त्या मुलगी आहेत हेही एक कारण होतं. पुढे अर्थशास्त्रात पीएच.डी. करायचं मनात आलं तेव्हा गणित पुरेसं नाही म्हणून तो रस्ता बंद झाला. १९६५ साली त्यांनी राज्यशास्त्रात पीएच.डी. केली आणि २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. ही हकीकत मला फार प्रिय आहे. पण अर्थशास्त्राच्या विभागात गणिताशिवाय प्रवेश मिळतो असा तिचा अर्थ नाही. त्यांना मिळाला नाही. त्यांनी दुसरं दार शोधलं, आणि पुढे गेम थिअरी (एकमेकांवर अवलंबून असलेल्या निर्णयांचं गणित) आत्मसात करून ती स्वतःच्या संशोधनात वापरली.

हे दुसरं दार काहींसाठी खरोखर योग्य असतं. ज्याला सरकारी धोरण, विकासाचे प्रकल्प, आंतरराष्ट्रीय संस्था यांत काम करायचं आहे, त्याने पब्लिक पॉलिसी किंवा डेव्हलपमेंट स्टडीजचा विचार जरूर करावा. त्यात कमीपणा काहीच नाही. म्हणून तिला मी सरळ विचारलं: तुला अर्थतज्ज्ञ म्हणून संशोधन करायचं आहे, की अर्थशास्त्राचा उपयोग करणारं काम करायचं आहे? तिचं उत्तर घुटमळलं नाही. किमान वेतन वाढलं की रोजगारावर काय परिणाम होतो हे तिला स्वतः आकडेवारीतून काढायचं होतं. मग गणिताला वळसा नव्हता.

यंदा अर्ज थांबव, असं मी सुचवलं. दुसऱ्या दिवशी तिचे वडील भेटायला आले. त्यांची काळजी साधी होती: एक वर्ष वाया जाईल, आणि पैशाचं काय? मला पालकांचा हा प्रश्न अजिबात क्षुल्लक वाटत नाही. एकेका अर्जाची फी साधारण शंभर डॉलरच्या आसपास, त्यात जीआरई या प्रवेश परीक्षेचा खर्च वेगळा. रँकिंगच्या वरच्या टोकाला डझनभर अर्ज टाकायचे आणि सगळीकडून नकार घ्यायचा, यात पैसेही जातात आणि मुलाचा धीरही. नकार आला की मूल “मी लायक नाही” असं धरून बसतं. प्रत्यक्षात अर्ज अपुरा असतो.

पैशाचं गणितही त्यांना नीट मांडून दाखवलं. अमेरिकेत पीएच.डी.ला थेट पदवीनंतर प्रवेश मिळू शकतो, पाच-सहा वर्षं लागतात, आणि चांगल्या विभागांत फीमाफी व विद्यावेतन मिळतं. त्याबदल्यात शिकवण्याचं किंवा संशोधनाचं साहाय्य करावं लागतं. युरोपात बहुधा आधी मास्टर्स, मग पीएच.डी. मास्टर्सचा खर्च पुष्कळदा स्वतःचा असतो, पण तोही सगळीकडे सारखा नाही. जर्मनीत बॉनच्या सरकारी विद्यापीठात शिकवणी शुल्क नाही, फक्त सेमिस्टरचं ठरावीक योगदान भरावं लागतं. मॅनहाइमचं विद्यापीठ मात्र ज्या राज्यात येतं तिथे २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सेमिस्टरला १५०० युरो लागतात. राहण्याखाण्याची तजवीज दोन्हीकडे दाखवावीच लागते. लंडनचं एक वर्षाचं मास्टर्स महाग. अ‍ॅमस्टरडॅम-रॉटरडॅमची टिनबर्गेन इन्स्टिट्यूट किंवा माद्रिदची सेमफी इथली दोन वर्षांची मास्टर्स संशोधनाकडे नेणारी आहेत. वडिलांनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. यादीत युरोप आला तो त्या दिवशी.

आता त्या वर्षात काय केलं ते सांगते, कारण “एक वर्ष तयारी कर” एवढंच सांगून कुणाचं भागत नाही.

तिने एका विद्यापीठात बाहेरची विद्यार्थिनी म्हणून गणिताच्या कोर्सना नाव घातलं. आधी मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस आणि लिनियर अल्जेब्रा, दुसऱ्या सेमिस्टरला रिअल अ‍ॅनालिसिस. मार्क मिळणारे, ट्रान्सक्रिप्टवर दिसणारे कोर्स हवेत, यावर मी अडून बसले. ऑनलाइन व्याख्यानांनी शिकणं छान होतं, पण नुसत्या बघितलेल्या व्हिडिओंना समितीपुढे वजन नसतं. (एमआयटीचा ‘डेटा, इकॉनॉमिक्स अँड डिझाइन ऑफ पॉलिसी’ हा ऑनलाइन मायक्रोमास्टर्स वेगळा. त्याला देखरेखीखाली परीक्षा असतात.) जीआरईवर तिचा फार भर होता. तो मी कमी करायला लावला. जीआरईच्या क्वांट या गणिताच्या भागातलं गणित शाळेच्या पातळीचं असतं. तिथे १७० पैकी १७० च्या जवळ जावंच लागतं, पण तेवढ्याने सिद्धता लिहिता येते असं कुणी मानत नाही.

अ‍ॅनालिसिसच्या पहिल्या चाचणीत तिला निम्म्याहून कमी मार्क पडले. फोनवर रडली. तिचा पेपर मागवून घेतला आणि आम्ही दोघींनी ओळ न ओळ वाचला. ‘प्रत्येक कन्व्हर्जंट सीक्वेन्स बाउंडेड असतो हे सिद्ध करा’ (म्हणजे एका ठरावीक संख्येकडे, लिमिटकडे, सरकत जाणारी संख्यांची रांग मर्यादेतच राहते) या प्रश्नाला तिने १/n चं उदाहरण देऊन ते बाउंडेड आहे असं दाखवलं होतं. उदाहरण बरोबर, पण ती सिद्धता नव्हे. मी म्हटलं, लिमिटपासून एक इतक्या अंतरात कुठल्यातरी पदापासून पुढची सगळी पदं येतात की नाही? येतात. मग मागे उरली किती? “मोजकीच,” ती म्हणाली, “आणि मोजक्या संख्यांमध्ये सगळ्यात मोठी असतेच.” सिद्धता संपली. अर्थशास्त्राची मुलं उदाहरणावरून नियमाकडे जायला सरावलेली असतात, म्हणून इथे अडखळतात. ही सवय आहे, कुवतीचा प्रश्न नाही, आणि सवय सरावाने मोडते. शेवटच्या परीक्षेत ती वर्गातल्या वरच्या मुलांत होती.

दुसरं काम शिफारसपत्रांचं. बहुतेक विद्यापीठं तीन मागतात. तिला पत्र द्यायला तयार असलेले शिक्षक भले होते, पण त्यांनी लिहिलं असतं ते ‘मेहनती, नम्र, वेळ पाळणारी’. असं पत्र कुणाच्याही नावाने चालतं, म्हणून ते कुणाच्याच कामाचं नसतं. पत्र लिहिणाऱ्याने तुमचं काम जवळून पाहिलेलं हवं आणि आधीच्या विद्यार्थ्यांशी तुमची तुलना करता यायला हवी. तिला एका संशोधक प्राध्यापिकेकडे रिसर्च असिस्टंटचं अर्धवेळ काम मिळालं. रोजगाराच्या सर्वेक्षणाची माहिती साफ करायची, स्टाटा या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये कोड लिहायचा. एकदा दोन वर्षांच्या फायलींमध्ये व्यवसायांचे कोड बदललेत हे तिच्याच लक्षात आलं आणि पुढची मोठी चूक टळली. प्राध्यापिकेने पत्रात नेमकं हे लिहिलं. दुसरं पत्र अ‍ॅनालिसिसच्या शिक्षकांचं, पहिल्या चाचणीपासून शेवटापर्यंतचा प्रवास सांगणारं.

एसओपी सगळ्यात शेवटी घेतलं. जुन्या मसुद्यात लहानपणापासूनची तळमळ होती. खरी होती, पण समितीला त्यातून संशोधक दिसत नव्हता. नव्या मसुद्याची सुरुवात प्रश्नाने झाली. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी १९९४ मध्ये न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियातल्या फास्ट फूडच्या दुकानांवरून दाखवलं की किमान वेतन वाढलं म्हणून रोजगार घटतोच असं नाही. तिचा प्रश्न त्याच्या पुढचा होता: माणसं तीच राहिली तरी कामाचे तास आणि सुट्या कमी होतात का, आणि हे कोणत्या आकडेवारीत पकडता येईल? गणिताबद्दल तिने दोनच वाक्यं लिहिली: कोणते कोर्स उशिरा केले आणि काय निकाल लागला. सबब सांगितली नाही.

डिसेंबरात अर्ज गेले, काही पीएच.डी.ला, काही युरोपातल्या मास्टर्सला. निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये लागले. पीएच.डी.चे बहुतेक नकार. एका ठिकाणी वेटलिस्ट. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत आर्थिक साहाय्यासह आलेल्या प्रवेशाला १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायचं असतं, आणि ती यादी त्या दिवशीही हलली नाही. युरोपातल्या दोन वर्षांच्या एका संशोधन मास्टर्सला मात्र फीमाफीसह प्रवेश मिळाला. तिला वाईट वाटलं, वाटणारच होतं. चार दिवसांनी तिने होकार कळवला.

आता तिचं पहिलं वर्ष संपत आलंय. मायक्रोत ती रमली आहे, मॅक्रो अजून जड जातं. त्याच संस्थेत पीएच.डी.ला थांबायचं की डिसेंबरात पुन्हा अमेरिकेला अर्ज करायचे, यावर आमचं बोलणं चालू आहे. माझं मत, दोन्ही करावं. तिला किमान वेतनावर काम करणारी एक प्राध्यापिका तिथेच भेटली आहे, आणि तिचं मन बहुधा तिकडे झुकतंय.