इंग्रजीतले सारखे दिसणारे शब्द लक्षात कसे ठेवावेत?

तुम्ही लिहिलंय की मराठी माध्यमातून पुण्यात इंजिनिअरिंगला आलात, शब्दांच्या जोड्या पाठ केल्या, तरी रिपोर्टमध्ये अदलाबदल होतेच. होणारच. दोन शब्द शेजारी ठेवून घोकले की ऐनवेळी दोन्ही एकदम आठवतात, आणि कुठला कोणता तेवढंच निसटतं.

मी विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट रिपोर्ट तपासून देते. माझं स्पष्ट मत आहे की यातल्या बऱ्याच चुका कानामुळे होतात. आपण सगळेच 'स्क्रू लूज झालाय' म्हणतो. खरं तर 'सैल' या अर्थाचा इंग्रजी शब्द 'लूस' आहे, शेवटी स्वच्छ 'स', आणि स्पेलिंगमध्ये दोन 'ओ'. ज्याच्या शेवटी 'जहाज'मधला 'ज' ऐकू येतो, तो 'लूज' म्हणजे हरण्याचा किंवा हरवण्याचा शब्द. त्यात एकच 'ओ'. आपण सैलला हरण्याचा उच्चार देऊन बसलोय, मग हात चुकीचं स्पेलिंग लिहितो. सल्ल्याचंही तसंच: 'अ‍ॅडव्हाइस' म्हणजे 'सल्ला' या नामात 'सी' आणि उच्चार 'स'चा, 'अ‍ॅडव्हाइज' म्हणजे 'सल्ला देणे' या क्रियापदात 'एस' आणि उच्चार 'ज'चा. म्हणून ऑनलाइन डिक्शनरीत स्पीकरचं बटण दाबून ऐका आणि मोठ्याने म्हणा.

'अफेक्ट' आणि 'इफेक्ट'चा घोळ वेगळा. मराठीत दोन्हीकडे 'परिणाम'च येतो. तुमच्या विषयातली दोन वाक्यं पक्की करा: 'टेम्परेचर अफेक्ट्स स्ट्रेंथ' यात क्रियापद, म्हणून 'ए'. 'द इफेक्ट ऑफ टेम्परेचर' यात नाम, म्हणून 'ई'. 'घडवून आणणे' अशा अर्थी 'इफेक्ट' क्रियापदही होतं, पण तुमच्या रिपोर्टात ते क्वचितच लागेल.

काही जोड्यांत मात्र कान उपयोगी पडत नाही. अप्पा बळवंत चौकात मिळते ती स्टेशनरी आणि मशीनचा स्थिर भाग सांगणारं 'स्टेशनरी', उच्चार एकच. गंमत म्हणजे मूळही एकच! मध्ययुगीन युरोपात फिरत्या विक्रेत्यांपेक्षा वेगळा, एका जागी दुकान मांडून बसलेला विक्रेता, बहुतेकदा पुस्तकांचा, तो 'स्टेशनर'. लंडनमध्ये 1403 पासून त्यांचा संघ आहे. स्टेशनरच्या शेवटी 'ई-आर', तेच कागद-पेनवाल्या शब्दात राहिलं. 'पेपर'च्याही शेवटी 'ई-आर' आहे, तेवढं आठवलं तरी पुरे. स्थिर असलेल्यात 'ए-आर'.

स्पेलचेकवर इथे फार विसंबू नका. दोन्ही शब्द डिक्शनरीत असतात, त्यामुळे लाल रेघ येत नाही. आपले नेहमी चुकणारे चार-पाच शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा आणि रिपोर्ट देण्याआधी कंट्रोल-एफ करून एकेक शोधून तपासा.