कान ६२ वर्षांचा, हात तीन महिन्यांचा

"आता या वयात काय शिकणार?" हा प्रश्न घेऊन दर महिन्याला माझ्याकडे समुपदेशनाला कुणीतरी येतंच. कुणाला पेटी शिकायची असते, कुणाला पोहणं. ज्या काकांची गोष्ट सांगतेय (त्यांना विचारून, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून), त्यांचं खूळ जरा निराळं होतं. त्यांना ब्लूज गिटार शिकायची होती.

काका ६२ वर्षांचे. परभणी जिल्ह्यातल्या कापूस खरेदी केंद्रांवर ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारे, म्हणून आयुष्य गेलेलं. झोप लागत नाही म्हणून सूनबाई घेऊन आल्या. झोपेबद्दल दोन मिनिटं बोलले आणि डावा हात पुढे करून म्हणाले, "मॅडम, ही बोटं बघा. वळेनात. तीन महिने झाले, नुसती कवडी वाजवायलोय मी."

कवडी म्हणजे किडका, डागाळलेला कापूस.

मुलगा नोकरीला पुण्याला गेला, गिटार घरीच राहिली. निवृत्तीनंतर एका रात्री मोबाइलवर खुर्चीत बसून वाजवणारा एक काळा म्हातारा दिसला आणि काका तिथंच अडकले. मग वाचलं, की हे संगीत अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात, राबणाऱ्या काळ्या मजुरांमध्ये वाढलं. "जन्म कापसात गेला मॅडम, अन् मला हे कुणी सांगितलंच नाही."

शिकवणी लावली ती २३ वर्षांच्या पोराकडे. बाकी सगळी शाळकरी मुलं. सहावीतली एक मुलगी 'एफ' कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायचे सूर) आठवड्यात वाजवून मोकळी. काकांची तर्जनी त्यासाठी सहा तारांवर नीट आडवी पडेना. घरी काकू, "म्हातारपणी हे काय खूळ लागलं ओ तुम्हाला?" गिटार कपाटावर गेली आणि झोपही गेली.

मनाचं बघण्याआधी मी त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मधुमेह जुना होता, आणि मधुमेहात बोटं आखडणं, वाकलेलं बोट अडकणं बरंच दिसतं. अनामिका खरंच अडकत होती. तिच्यावर उपचार सुरू झाले, बाकीची बोटं ठीक निघाली. गिटारही शिक्षकाला नीट बघायला लावली. तारा जाड, आणि पट्टीपासून भलत्याच उंच! त्याने बारीक तारा चढवल्या, उंची कमी करून दिली. अर्धी तक्रार तिथंच मिटली. घरात पडून असलेल्या गिटारीवर शिकणाऱ्या कितीजणांनी वयाला उगाच बोल लावला असेल, कोण जाणे.

उरलेली अर्धी माझ्या वाट्याची होती आणि तिथं मी आधी चुकलेच. रात्री बसून वाचलं आणि पुढच्या भेटीत मोठ्या उत्साहाने मिसिसिपी जॉन हर्ट या जुन्या ब्लूज गायक-गिटारवादकाची गोष्ट सांगितली. १९२८ मध्ये त्याची गाणी ध्वनिमुद्रित झाली, मग तो शेतीच्या कामात विसरला गेला, १९६३ मध्ये लोकांनी त्याला शोधून काढलं आणि सत्तरीचा हा माणूस पुन्हा मंचावर आला. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तो पोरवयापासून वाजवत होता, मॅडम. माझं तसं कुठंय?"

बरोबर होतं त्यांचं. धीर देण्याच्या घाईत मी दुसऱ्याचंच औषध त्यांना देत होते.

मग साधं विचारलं, "चुकलं ते कळतं कसं तुम्हाला?"

"कसं म्हणजे? कानाला कळतंय की. चाळीस वर्षं भजनात बसतो मी."

गाठ इथं होती. सहावीतल्या मुलीचा कान आणि हात साधारण एकाच इयत्तेत असतात. जेवढं वाजतं तेवढ्यावर ती खूश. काकांचा कान साठीचा, हात तीन महिन्यांचा. मधलं अंतर त्यांना प्रत्येक सुराला टोचायचं. त्यात हा माणूस चिमटीत कापूस ओढून धाग्याची लांबी सांगणारा. ग्रेड लावल्याशिवाय हातातलं काही खाली ठेवणारच नाही.

म्हणून ठरवलं ते एवढंच. रोज दोनदा पंधरा मिनिटं वाजवायचं आणि तीन आठवडे ग्रेड लावायची नाही. 'एफ' सोडून द्यायची. ए-सेव्हन, डी-सेव्हन, ई-सेव्हन या तीन कॉर्डवर अख्खा बारा बारचा (बार म्हणजे तालाचं एक घर) ब्लूज उभा राहतो.

"बारा म्हणजे आपला एकतालच की," काका खुलले. शिक्षकाने सुधारलं, एका बारमध्ये चार मात्रा, म्हणजे एकूण ४८. काकांनी लगेच त्याचं आवर्तन बांधलं. चार घरं ए, दोन डी, दोन ए, मग ई, डी आणि शेवटची दोन पुन्हा ए. टाळी देत घरभर म्हणत फिरायचे. पुढच्या वेळी आले ते सांगतच, "ब्लूजचे पाच स्वर म्हणजे चक्क आपला धानी राग! सा, कोमल ग, म, प, कोमल नी." पण गंधार मात्र नेमका कोमलही नाही, शुद्धही नाही, तार ओढून मधला काढायचा. "आपल्या पेटीत तो सूरच नाही, मॅडम. गळ्यात आहे."

मग गळाच आधी वापरायचं ठरलं. ब्लूजचे नामवंत गायक-गिटारवादक बी. बी. किंगसुद्धा गाताना वाजवत नसत. ओळ गायची, मग गिटारने उत्तर द्यायचं. बुवांनी ओळ टाकावी आणि टाळकऱ्यांनी उचलावी, तसंच. काका गाऊन थांबायचे आणि हाताला जमेल तेवढंच उत्तर वाजवायचे, कधी दोनच सूर.

शाळकरी मुलांतच बसा, लाज मोडेल, असा माझा आग्रह होता. त्यांनी ऐकलं नाही, सकाळची वेगळी वेळ घेतली. तेच बरं झालं. वयाने मोठ्या माणसाची लाज मोडायलाच हवी असं काही नाही.

काकूंचं मत अजून तेच आहे. झोप मात्र परतली.

दिवाळीनंतर, कापसाच्या ऐन हंगामात, त्यांचा फोन आला. ए वरून डी वर हात बिनचूक जातो, ई ला अजून एक मात्रा उशीर होतो म्हणाले. मला राहवलं नाही. विचारलं, "मग काका, ग्रेड काय लावली?"

"ग्रेड नाही लावत आता. ओलावा १२ टक्क्यांच्या वर आहे अजून. वाळू द्या थोडं."