मॅडम, पोरीला परत बोलावू का?

मी समुपदेशक. सप्टेंबर संपत आला की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. मूल अमेरिकेत शिकतंय, तिथून पर्यावरणाच्या ‘फील्ड सेमिस्टर’साठी, म्हणजे वर्गाबाहेर प्रत्यक्ष जागेवर शिकायच्या सत्रासाठी, आणखी तिसऱ्याच देशात गेलंय, आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यात फोनवर रडतंय.

असंच पुण्यातलं एक जोडपं आलं. कर्ज काढून मुलीला पाठवलेलं आणि ती कोस्टारिकात, तोर्तुगेरोच्या किनाऱ्यावर. तिथे रस्ताच जात नाही, होडीनं नाहीतर छोट्या विमानानं पोचायचं. जुलै ते ऑक्टोबर हिरवी कासवं अंडी घालायला वर येतात, आणि ही मुलं रात्र रात्र काळोखात वाळू तुडवत गस्त घालतात.

“यासाठी घर गहाण टाकलं का?” बाबा म्हणाले.

ताप, खाण्याचे हाल, कुणाचा त्रास, हे मी आधी विचारते. यातलं काही असेल तर माझी वेळ मिळायची वाट बघू नका, त्याच दिवशी तिथल्या समन्वयकांना गाठा. इथे तसं काही नव्हतं. या सत्राची क्रेडिट, म्हणजे पदवीत धरले जाणारे गुणांक, तीही निघण्याआधीच कॉलेजकडून लेखी मंजूर करून घेतलेली. (हे बरेच जण विसरतात.)

मुलीशी व्हिडिओवर बोलले. कायम पहिली येणारी पोर.

“तीन रात्री चालले, एकही कासव नाही. बाकीच्यांना दिसतात.”

“मग वहीत काय लिहिलंस?”

“शून्य.”

“नंतर खोडलंस?”

“नाही हो, शून्य हासुद्धा डेटा असतो...” आणि गप्प झाली. मीही गप्प बसले. अशा वेळी तोंड बंद ठेवायला मला वीस वर्षं लागली. हुशार मुलांना कमी मार्क एक वेळ पचतात. मार्क देणारंच कुणी नसणं पचत नाही.

पण एकट्या मुलाला समजावून मोकळं होणं मला पटत नाही. मी अख्ख्या घराकडे बघणारी. आईबाबांना विचारलं, “फोनवर काय बोलता?” दिवसातून दोनदा तेच: जेवलीस का, झोपलीस का, रडतेस का. कासवाबद्दल एकदाही नाही.

बाबा खाली बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “मॅडम, मी कोकणातला, मंडणगडकडचा. लहानपणी आम्ही काठी खुपसून कासवाची अंडी शोधायचो. खायचो.” 2002 मध्ये ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने तिथल्याच वेळास गावी कासवांची राखण सुरू केली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. मुलीला कधी सांगितलीच नव्हती. ‘वाळू तुडवायला कशाला गेलीस’ या रागाखाली ही लाज होती. हे सापडलं तेव्हा, खरं सांगते, मला माझाच हेवा वाटला.

त्यांना एवढंच सुचवलं: फोन आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी. तब्येतीची चौकशी शेवटी. आधी काय पाहिलंस ते विचारा. रडल्या रात्री तिकीट काढायचं नाही, आठ दिवस जाऊ द्यायचे. आणि बाबांनी अंड्यांची गोष्ट सांगायची.

पुढच्या भेटीला आई एकट्याच आल्या. तासभर फोन चालला म्हणे. काठी आत गेली की वाळू कशी लागते, ओली की भुसभुशीत, मुलगी खोदून खोदून विचारत होती आणि बाबा जेवणाच्या टेबलावर चमचा टोचून दाखवत होते. “आणि मॅडम,” आई म्हणाल्या, “जेवलीस का, ते विचारायचं राहूनच गेलं.”